बिन, कोम आणि पौती

बंगळूरच्या कडेला, जिथल्या जमिनीला अजून एखाद्या गृहसंकुलाचं नाव न चिकटता नुसता सर्व्हे नंबरच आहे, तिथे सातबाऱ्याला ‘पहणी’ म्हणतात. पहणीत मालकाच्या रकान्यात नाव येतं ते असं : अमुकप्पा बिन तमुकप्पा. बाई असेल तर : अमुकम्मा कोम तमुकप्पा. लिपी कन्नड, माणसं कन्नड, सरकार कर्नाटकाचं. आणि मुलाला बापाशी, बायकोला नवऱ्याशी जोडणारे दोन्ही शब्द मात्र अरबी. पहणीच्या नकलेसाठी रांगेत उभं राहणाऱ्यांना हे शब्द परके वाटत नाहीत. वाटायचं कारणही नाही, कारण त्यांच्या आजा-पणजांची नावं याच दोन शब्दांनी ओवलेली आहेत.

मोडी कागद हाताळलेल्या मराठी माणसाला मात्र ही पहणी वाचताना ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं होतं. ‘मालोजी बिन संताजी’, ‘आवडी कोम बाबाजी’ ही आपल्याच दप्तरांतली रीत. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांतून ती कधीच उठून गेली. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, तेव्हा अनेक घरांना आपल्या खापरपणजाच्या नावामागे ‘बिन’ होता हे पहिल्यांदाच कळलं. बंगळुरात कुणालाच तसं नव्याने कळावं लागलं नाही, कारण तिथे तो शब्द कधी गेलाच नव्हता.

ज्याला बंगळुरातल्या एखाद्या मराठी घराण्याची वंशावळ कागदांतून शोधायची आहे त्याने आडनावाच्या मागे लागू नये, या असल्या छोट्या शब्दांच्या मागे लागावं, असं माझं मत आहे. आडनाव दक्षिणेत टिकत नाही. कावेरीच्या पाण्यात ते पहिल्या दोन-तीन पिढ्यांतच विरघळतं, आणि उरतो तो ‘राव’. आनंदराव सर्कल बंगळुरातल्या प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक आहे. हे आनंदराव कोण, हे फार थोड्यांना. टी. आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूर संस्थानचे दिवाण होते. त्यांचे वडील सर टी. माधवराव, जन्म १८२८, कुंभकोणम. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले. माधवरावांचे वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव हेही त्रावणकोरचे दिवाण. तीन पिढ्या, चार दिवाण, आणि आडनाव एकाचंही नाही. पुढे लावलेला ‘टी’ हा बापाच्या नावाचासुद्धा नाही, तो तंजावरचा. गंमत पुढेच आहे. आनंदरावांच्या आधी १९०६ ते १९०९ म्हैसूरचे दिवाण होते व्ही. पी. माधवराव. तेही कुंभकोणमचे, तेही मराठी, तेही देशस्थ. ‘दिवाण माधवराव, कुंभकोणम’ एवढ्या खुणेवर ज्याने वंशवृक्ष काढला, त्याच्या झाडाला भलत्याच घराची फांदी फुटलीच म्हणून समजा.

आडनावावर भिस्त ठेवता येत नाही म्हणून नात्याच्या शब्दाकडे यायचं, तर तिथेही थोडी सावधगिरी हवी. ‘बिन’ म्हणजे अरबीत मुलगा, तो आपल्याकडे ‘अमक्याचा मुलगा’ एवढ्याच कामाला आला. शिवाय मराठी दप्तरात तो सरसकट सगळ्यांना मिळत नसे. ब्राह्मणाच्या नावाला बापाचं नाव नुसतंच जोडत : बाळाजी विश्वनाथ. मुसलमानाला बहुधा ‘वलद’ लावत. ‘बिन’ येई मराठे, कुणबी, माळी, बलुतेदार यांच्या नावात. म्हणजे हा दोन अक्षरी शब्द बापाचं नाव तर सांगतोच, पण कागद लिहिणाऱ्या कारकुनाने समोरच्या माणसाला कुठल्या रांगेत उभं केलं होतं तेही सांगून जातो. ‘कोम’ त्याहून विचित्र. अरबीत ‘कौम’ म्हणजे लोक, जमात. मराठीतही ‘कोम’ जातीसाठी, जमातीसाठी येतो. मग ती बायको कशी झाली? मला वाटतं, बाईची ओळख लिहिताना ‘ही कोणाच्या कुळातली’ एवढंच कारकुनाला लिहायचं असे; कुळ दाखवणारा शब्द हळूहळू नवऱ्याच्या नावाआधीची नुसती खूण झाला आणि शेवटी त्याचा अर्थच ‘अमक्याची बायको’ असा होऊन बसला. अरबस्तानातल्या माणसाला हा अर्थ सांगितला तर तो चकित होईल. दख्खनमध्ये मात्र तो कन्नड आणि मराठी दोन्ही दप्तरांत सारखाच रुळला.

हे शब्द कानडी कागदांत कोणी नेले, यावर एका वाक्यात निकाल देता येणार नाही. विजापूरची आदिलशाही, तिच्यामागोमाग भोसले, मग शिऱ्याचा मोगल सुभा, मग हैदर आणि टिपू. बंगळूरच्या मुलखावर एवढी राज्यं आली. राज्य बदललं तरी दप्तर सांभाळणारी माणसं फारशी बदलली नाहीत. टिपूच्या राज्यातही हिशेब फारसीबरोबर कन्नड आणि मराठीत ठेवले जात. फड विजापूरकरांचा असो की म्हैसूरकरांचा, मोडी लिहिणारा हात त्यात असायचाच. शब्द सुलतानाच्या फर्मानाने रुजत नाहीत. ते कारकुनाच्या बोटांच्या सवयीने रुजतात.

बाहेरदेशीही वंशावळ शोधणाऱ्यांची गत वेगळी नाही. अमेरिकेत व्हर्जिनियासारख्या जुन्या वसाहतींत सतराव्या-अठराव्या शतकातली घराणी शोधायची तर लोक काउंटी कोर्टाच्या मृत्युपत्रांच्या वह्या आणि खरेदीखतांच्या वह्या धुंडाळतात. तिथेही शब्दच दगा देतात. जुन्या कागदातला ‘ज्युनिअर’ हा मुलगा असेलच असं नाही. एकाच गावात एका नावाचे दोघे असले तर त्यातला वयाने लहान तो ज्युनिअर, मग त्यांचं एकमेकांशी नातं असो वा नसो. ‘इन्फंट’ म्हणजे तान्हं मूल नाही, एकवीस वर्षांच्या आतला कुणीही. ‘मदर-इन-लॉ’ लिहिलेली बाई सासू असेल, नाहीतर सावत्र आई.

आपल्याकडे हा चकवा ‘वडील’ या शब्दात बसला आहे. आज वडील म्हणजे बाप. वतनाच्या कागदांत वडील म्हणजे थोरला, मग तो भाऊ असो, चुलता असो, की दुसऱ्याच शाखेतला चुलतभाऊ. कितीतरी वतनी भांडणं ‘वडीलपणा’ची, म्हणजे पानसुपारीचा मान पहिला कोणाचा, शिक्का आधी कोणाचा, याची असायची. तिथे ‘वडील’ वाचून त्याला बाप समजलं की एक पिढी फुकटची वाढते. ‘चुलता’ तर मुळातच ‘धाकटा बाप’. संस्कृत ‘क्षुल्ल’ म्हणजे लहान, त्यात ‘तात’ मिसळून तो तयार झाला. कानडीत त्याच नात्याला ‘चिक्कप्पा’ म्हणतात : ‘चिक्क’ म्हणजे लहान, ‘अप्पा’ म्हणजे बाप. दोन भाषा, दोन वेगळी कुळं, आणि बापाच्या धाकट्या भावाकडे पाहण्याची नजर एकच. फरक इतकाच की कानडीला आपल्या शब्दाचा अर्थ अजून ऐकू येतो, मराठीला येत नाही. त्यामुळे मराठीने बापाच्या थोरल्या भावालाही चुलताच करून टाकलं. कानडी ती गल्लत करत नाही, त्याला ‘दोड्डप्पा’ म्हणते.

व्हर्जिनियात मृत्युपत्रांचे ढीग मिळतात, तसे जुन्या मराठी किंवा कानडी घराण्यांत का मिळत नाहीत? त्याचं उत्तर बंगळूरच्या उत्तरेला, आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला आहे. तिथे चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराने इ.स. ११०० च्या सुमारास याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ टीका लिहिली. बंगाल सोडला तर बहुतेक हिंदुस्थानभर वारसाहक्काचा कायदा तिच्यावर चालला. विज्ञानेश्वराच्या मते मालकाशी असलेल्या नात्यामुळेच जे धन दुसऱ्याचं होतं ते ‘दाय’. म्हणजे मुलगा जन्मला तेव्हाच त्याचा हक्क जन्मला. बाप मरेपर्यंत थांबायचं कारण नाही, आणि बापाने मरताना कोणाला काय द्यायचं हे ठरवण्याचाही फारसा प्रश्न नाही. वडिलार्जित मिळकतीचं मृत्युपत्र करायचं कोणी आणि कशाचं?

या ‘दाय’वरून ‘दायाद’, म्हणजे दायाचा वाटेकरी. मराठीत तो पोथीतच राहिला. कानडीत मात्र ‘दायादी’ हा चुलतभावाचा रोजचा शब्द झाला आणि त्याचबरोबर वैऱ्याचाही. ‘दायादी मत्सर’ म्हटलं की कानडी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. कानडी वर्तमानपत्रं पाकिस्तानलाही ‘दायादी’ म्हणतात. आपल्याकडे हीच कामगिरी ‘भाऊबंद’ने केली. भाऊ आणि बंधू, दोन्ही मायेचे शब्द जोडले आणि शेवटी ‘की’ लावली की जे तयार झालं त्याचा अर्थ कोर्टकचेरी. नातं आणि वाटणी एकाच जागी राहिली की शब्द असे नासतात, आणि हे नासणं वंशावळ शोधणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. मृत्युपत्र नसेल, पण भांडण असेल. आणि भांडण असेल तर महजर असेल.

‘महजर’ हा शब्द ‘हजर’च्याच घरातला. हजर, हजेरी, हुजूर, महजर, सगळ्यांचं अरबी मूळ एक. महजर म्हणजे हजर राहण्याची जागा, मग हजर असलेल्यांसमोर झालेला कागद. सतराव्या शतकातल्या मराठी मुलखात गोतसभा बसायची, वादी-प्रतिवादी आपापला ‘करीना’ म्हणजे घराण्याची हकीकत पिढीवार सांगायचे, साक्षी व्हायच्या, आणि निवाड्याच्या कागदाखाली गावचे लोक आपापली निशाणी काढायचे : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, बाईची बांगडी. एका भांडणाच्या निमित्ताने चार-पाच पिढ्या एका कागदावर उतरत. स्वतःहून कोणी एवढी वंशावळ लिहून ठेवली नसती. मराठीत आज ‘महजर’ इतिहासकाराशिवाय कोणी म्हणत नाही. पोलिसांचा ‘पंचनामा’ त्याच्या जागी बसला. बंगळुरात मात्र चोरी झाली, अपघात झाला, की फौजदार येऊन ‘महजर’च करतात. इंग्रजी वर्तमानपत्रांतही तो तसाच छापून येतो. आणि ‘वंशवृक्ष’ नावाचा सरकारी दाखला काढायचा तर तलाठ्याच्या जागी असलेला, परवापर्यंत ‘ग्रामलेक्किग’ म्हटला जाणारा अधिकारी शेजाऱ्यांना बोलावून जबाब घेतो, तोही महजरच.

वंशवृक्षाचा दाखला हा प्रकारच पाहण्यासारखा आहे. कुटुंबप्रमुख वारला की मुलाबाळांची यादी झाडाच्या आकारात काढून नाडकचेरीत, म्हणजे स्थानिक महसूल कचेरीत, द्यायची. १९६५ साली एस. एल. भैरप्पांनी ‘वंशवृक्ष’ या नावाची कादंबरी लिहून वंशाच्या शुद्धतेच्या कल्पनेलाच हात घातला होता. कर्नाटकाच्या महसूल खात्याने त्या शंकेकुशंकेत न पडता तोच शब्द अर्जाच्या मथळ्यावर छापला.

बंगळूर शहराच्या वाट्यालाही एक भाऊबंदकी आली, आणि ती महाराष्ट्रातल्या कुठल्याही वतनी वादाहून मोठी होती. १६३८ साली विजापूरच्या फौजेने केंपेगौडाकडून बंगळूर घेतलं, ते शहाजीराजांना जहागीर मिळालं. शहाजीराजे गेले १६६४ साली, होदिगेरेला. मागे बंगळुरात धाकटे पुत्र व्यंकोजी. मल्लेश्वरम् भागातल्या काडु मल्लेश्वर देवळाला त्यांनी १६६९ साली एक गाव इनाम दिलं, त्याचा शिलालेख देवळाजवळच आहे. पुढे व्यंकोजी तंजावरला गेले. १६७७ साली शिवाजीराजे दक्षिणेत उतरले, कोळ्ळिडम् नदीकाठच्या तिरुमलवाडीला दोघा भावांची भेट झाली, आणि थोरल्याने धाकट्याकडे वडिलार्जितातला अर्धा वाटा मागितला. व्यंकोजी एका रात्री गुपचूप छावणीतून निघून गेले. एवढ्या थोर माणसांतही शेवटी प्रश्न मिताक्षरेचाच : दाय कोणाचा?

दोघांमध्ये जो करार झाल्याचं बखरी सांगतात त्यात बंगळूरचं कलम आहे. बंगळूर, होसकोट आणि त्याजवळचे महाल व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिले. एका अख्ख्या शहराचा महसूल चोळीबांगडीला! ऐकायला हा लाडाचा शब्द वाटतो, पण कागदात तो फार धूर्त आहे. जमीन भावाला दिली तर वाटणी कबूल केल्यासारखी होते. भावजयीला चोळीबांगडीला दिली तर देणाराचा मोठेपणा राहतो, घेणाराचा मान राहतो, आणि मिळकत तिच्या नावाने बांधली जाते, नवऱ्याला ती सहज उडवता येत नाही. दीपाबाईंनीच नवऱ्याला समजावून सलोखा घडवला अशी परंपरा आहे. तेव्हा हा त्यांचा मेहनतानाही म्हणा हवं तर. बंगळूरच्या न्यायालयांत आजही असाच एक शब्द सापडतो : ‘अरिशिन-कुंकुम’. लग्न करून दिलेल्या मुलीला हळदीकुंकवापोटी जमीन दिली, असं बक्षीसपत्रात लिहितात, आणि तीस-चाळीस वर्षांनी तिचे भाचे कोर्टात विचारतात की हळदीकुंकू म्हणजे मालकी की नुसतं उत्पन्न. वंशावळीत अशी कलमं सोन्याची असतात. बाईचं नाव, तिचं माहेर आणि तिचं सासर तिन्ही एका वाक्यात मिळण्याची जागा दुसरी नाही.

त्या वाटणीच्या वादामागे रघुनाथपंत हणमंते होते. वडील नारोपंत शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या कारभारात मुरलेले; रघुनाथपंत आधी व्यंकोजीराजांचे, मग खटका उडाला म्हणून शिवाजीराजांकडे आले. दक्षिणेच्या वारशाची आठवण त्यांनीच करून दिली, असं म्हणतात. आणि राज्यकारभारातले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द घालण्यासाठी जो ‘राज्यव्यवहारकोश’ झाला, तोही याच रघुनाथपंतांच्या नावावर. म्हणजे बंगळूरच्या दप्तरात वाढलेल्या माणसाने रायगडासाठी फारसी शब्दांची छाटणी केली. आणि बंगळूरच्या दप्तराने ते शब्द साडेतीनशे वर्षं जपून ठेवले. खुद्द बंगळूर मात्र भोसल्यांकडे राहिलं नाही. १६८७ साली व्यंकोजींनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराय वडेयरांना तीन लाखांना देऊ केलं, सौदा पुरता होण्याआधीच मोगलांचा कासीमखान येऊन बसला, आणि शेवटी ते मोगलांकडूनच म्हैसूरकरांच्या हाती गेलं.

वाटणी उरकली की काय लिहितात, तिथे मराठी माणूस दचकतो. बंगळूरच्या जुन्या दाव्यांत भावाभावांमध्ये ‘पारिकत्तु’ झाली असं येतं. हीच आपली ‘फारकत’. मूळ फारसी-अरबी जोड ‘फारिग-खत’, म्हणजे मोकळं झाल्याचा लेख. देणं फिटलं, संबंध संपला. मराठीत ती नवरा-बायकोच्या वाट्याला गेली, कानडीत भावाभावांच्या. जोडीला कानडी ‘पालुपट्टी’ असते : पालु म्हणजे वाटा, पट्टी म्हणजे यादी. वंशावळीसाठी पालुपट्टी पारिकत्तुपेक्षा कामाची, कारण तिच्यात कोणत्या भावाला कोणतं शेत, कोणती विहीर, आईच्या पोटगीचं काय, हे सगळं नावानिशी असतं.

‘पौती’ हा तर खास मराठी माणसाला फसवण्यासाठीच केलेला शब्द. कर्नाटकात ‘पौती खाते’ मोहिमा निघतात, तालुका कचेरीबाहेर फलक लागतात, आणि नवखा मराठी माणूस समजतो की पावतीचं काहीतरी असावं. पावती आपल्या ‘पावणे’पासून आली, पौती आली अरबी ‘फौत’पासून, म्हणजे मृत्यू. जुन्या मराठी कागदांत ‘अमका फौत जाहला’ हे नेहमीचं वाक्य. पौती खाते म्हणजे मयताच्या नावावरची जमीन वारसांच्या नावावर चढवणं, आपल्याकडची वारसनोंद. ‘वारस’ही अरबी, आणि ‘मिरास’ही त्याच धातूची. म्हैसूरच्या कागदात वारसाला ‘वारसुदार’ म्हणतात, म्हणजे आधीच वारस असलेल्याला पुन्हा ‘दार’ लावून पक्का करतात.

पहणी, पोडी, आकारबंदु, टिप्पणी, गुंटे हे शब्द मात्र आदिलशाहीच्या काळचे नाहीत. १८६३ साली म्हैसूरने मुंबई इलाख्याच्या पद्धतीची जमीन मोजणी सुरू केली आणि पद्धतीबरोबर मुंबईचे मराठी शब्दही आले. पाहणी झाली पहणी, फोड झाली पोडी, आकारबंद आणि टिपण शेवटी उकार-इकार घेऊन आले, गुंठ्याचा ठ गेला. बंगळूरच्या आसमंतातल्या एकेका गुंठ्याला आज जो दर आहे तो पाहता या शब्दाने बरीच प्रगती केली म्हणायची.

इंग्रजी कोर्टं आली तशी मृत्युपत्रंही आली, आणि प्रत्येक भाषेने ‘विल’चं स्वागत आपापल्या परीने केलं. तमिळने त्याचं ‘उयिल’ केलं, कानडीने ‘उयिलु’. तेलुगूने फारसी शेपूट लावून ‘वीलुनामा’ केला. कानडीत दुसराही शब्द आहे, ‘मरणशासन’. शासन म्हणजे राजाज्ञा, शिलालेख; सामान्य माणसालाही मरताना एक शिलालेख कोरायला दिला, ही कल्पना मला आवडते. मराठीत ‘मृत्युपत्र’ होतं ते पुरेसं होतं. पण मृत्यूचं नाव नको म्हणून हल्ली ‘इच्छापत्र’ चाललंय. पन्नास वर्षांनी कोणी दप्तर चाळताना ‘इच्छापत्र’ वाचून ते प्रेमपत्र समजला तर दोष त्याचा नव्हे.

तंजावरच्या भोसल्यांचं दक्षिणेतलं शेवटचं भांडण इंग्रजी कायद्यात झालं. त्याआधीच सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसलेकुळाची अख्खी हकीकत मराठीत कोरून घेतली होती. दगडावर कोरलेली वंशावळ खोडता येत नाही, हा हिशेब त्यात असणार. सरफोजी दत्तक होते आणि ते दत्तकविधान एकदा अमान्य ठरून पुन्हा मान्य झालं होतं. ज्याचा वंश कोणी विचारत नाही तो वंशावळ कोरत नाही. १८५५ साली तंजावरचे शेवटचे राजे, शिवाजी, पुत्राविना वारले. कंपनीने संस्थानाबरोबर राजवाड्यातली खासगी मिळकतही घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या, मद्रासच्या सुप्रीम कोर्टात जिंकल्या, आणि १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये हरल्या : ही राज्यसत्तेची कृती आहे, कोर्टाला तीत हात घालता येत नाही. पुढे १८६२ साली सरकारने ती मिळकत आपणहून परत केली, तेव्हा राण्या-राण्यांत दावे लागले. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला शोधायचा असेल तर ‘कामाक्षीबाई’ शोधू नका. तिथे त्या ‘कामाची बोये साहिबा’ आहेत. इंग्रज कारकुनाने बाईचा बोये केला आणि हिंदुस्थानभरचे वकील दीडशे वर्षं तोच पाठ करत आले.

राण्या गेल्यावर विसाव्या शतकात पुन्हा दावा उभा राहिला. कोल्हापूरचे महाराज सगोत्र भोसले म्हणून पुढे आले. समोर होते ‘खड्गविवाहा’ने, म्हणजे वराच्या जागी तलवार ठेवून राजवाड्यात आणलेल्या स्त्रियांचे वंशज. त्या काळच्या कायद्यात दासीपुत्राला वाटा मिळायचा तो फक्त शूद्राच्या घरात, क्षत्रियाच्या नाही. म्हणून मद्रास हायकोर्टाला ठरवावं लागलं की तंजावरचे भोसले कोण. राज्याभिषेक, गागाभट्ट, शिसोदिया वंशावळ, सगळं पुराव्यात आलं, आणि निकाल शूद्र ठरवण्याकडे गेला. आज तो वाचताना राग येतो, हसूही येतं. मिळकतीच्या एका वाटणीसाठी साहेबी कोर्टाने तो प्रश्न सोडवायला घेतला, जो १६७४ साली रायगडावर सुटला असं आपण समजत होतो. वंशावळीच्या शोधकाला मात्र या खटल्यात अशी नावं मिळतात जी बृहदीश्वराच्या भिंतीवर कधीच आली नसती : तलवारीशी लग्न लागलेल्या बायकांची, त्यांच्या मुलांची.

बायकांची नावं हीच या सगळ्या धंद्यातली सर्वांत दुर्मीळ गोष्ट. ‘पिढी’ शब्दातच त्या नाहीत. संस्कृत ‘पीठिका’पासून पिढी, म्हणजे बसण्याची जागा, फारसीतही वंशावळीला ‘कुर्सीनामा’च म्हणतात. जागेवर जो बसला त्याची पिढी. कानडीत पिढीला ‘तलेमारु’. ‘तले’ म्हणजे डोकं. खुर्ची नाही, डोकं मोजलं. पण मोजणीत आली ती पुरुषांचीच डोकी. म्हैसूर संस्थानाने १९३३ साली हिंदू स्त्रियांच्या हक्कांचा कायदा केला आणि विधवा, मुली वारसांच्या यादीत ठळक दिसू लागल्या. १९९४ साली महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांनीही मुलींना जन्मतः वाटा दिला. त्यानंतरच्या दाव्यांत वंशवृक्षाच्या बाजूच्या फांद्याही पूर्ण भरलेल्या असतात, लग्न होऊन पुण्याला, सोलापूरला, तंजावरला गेलेल्या लेकींपर्यंत.

आणि आता ‘कोम’ची गरज सरकारला वाटेनाशी झाली आहे. पहणीत तो आहे अजून. पण बहुतेक अर्जांना आता आधार कार्ड जोडतात, आणि अलीकडच्या आधार कार्डावर ‘बिन’ किंवा ‘कोम’च्या जागी ‘केअर ऑफ’ असतं. पुढे लिहिलेलं नाव बापाचं, नवऱ्याचं, मुलाचं की सासऱ्याचं, हे कार्ड सांगत नाही. दोनशे वर्षांनी कोणी बंगळुरात आपलं कूळ शोधायला बसला, तर आपल्या काळापर्यंत आल्यावर त्याला पुन्हा शेजाऱ्यांचे जबाब शोधावे लागतील. म्हणजे महजर.